जर-तरला गुण नाहीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना भरल्या आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘निवृत्तीनंतर मी काय करतो’. याचं उत्तर एका वाक्यात संपतं. कादंबरी लिहितो, आणि ती संपत नाही. उरलेल्या वेळात ती का संपत नाही ते सांगतो.

याची सुरुवात आपल्या शाळेतच झाली. नववीच्या सहामाहीला इतिहासाच्या पेपरात डलहौसीने खालसा केलेल्या संस्थानांवर प्रश्न होता. सातारा झालं, झाशी झालं, नागपूरवर आलो आणि मला काय सुचलं कोण जाणे, रघुजीराजांना मुलगा असता तर काय झालं असतं यावर मी दीड पान लिहून काढलं. सरांनी त्या दीड पानावर लाल शाईची आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘जर-तरला गुण नाहीत.’ सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, पाचापैकी दोन मिळाले होते. राग नाही. पण ते दीड पान डोक्यातून गेलं नाही. बँकेत नोकरी केली, मयत खातेदारांच्या वारसांचे दावे वर्षानुवर्षं तपासले, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते हे की एक दोनशे पानी वही आणली आणि त्या दीड पानाच्या पुढे लिहायला बसलो.

मराठीत असं लिहिणारा मी काही पहिला नाही. जयंत नारळीकरांची पानिपतावरची ती कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. विश्वासराव गोळीतून वाचतो, मराठे पानिपत जिंकतात आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा होतो. एक गोळी कानाजवळून गेली की लागली, एवढाच फरक. मला वाटलं, आपलंही तसंच सोपं आहे. नागपुरात एक पाळणा हलला की काम झालं.

सोपं नव्हतं. पहिली चूक तर पहिल्याच पानावर झाली. नागपूरचं राज्य वाचलं, म्हणून मी वणीच्या बाजारात भोसल्यांचा झेंडा लावून टाकला. सरांना फोनवर पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. सर म्हणाले, “अरे, वणी भोसल्यांची कुठली? वर्धा नदी विसरलास का?”

विसरलोच होतो. एके काळी वऱ्हाडात दोअमली कारभार होता, वसुलीचा वाटा निजामाचाही आणि भोसल्यांचाही. १८०३ साली देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेवरचा हक्क सोडला आणि १८२२ च्या तहाने नदी ही पक्की सीमा ठरली. नदीच्या पलीकडे, म्हणजे वरोरा-भद्रावतीकडे, भोसले. अलीकडे आपण, म्हणजे निजाम. त्यातही गंमत अशी की १८५३ च्या मे महिन्यात निजामाने आपल्या अंगावरच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे रघुजीराजे वारले. वर्षभराच्या आत नदीचे दोन्ही काठ इंग्रजांकडे गेले, पण दोन वेगळ्या वाटांनी. पलीकडचा काठ खालसा झाला. अलीकडचा नुसता ताब्यात आला, मालकी कागदावर निजामाचीच राहिली. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला, तेव्हाही तो कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान झाला नाही. आपला जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणूनच ओळखला जायचा, हे इथल्या वणीकरांना माहीत असेलच; ते दर स्नेहमेळाव्यात आठवण करून देतात.

म्हणजे माझी कादंबरी आपोआप नदीवर आली. पाटाळ्याच्या पुलावरून आपण लहानपणी किती वेळा गेलो असू. त्या पुलाच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, आणि दोन्ही काठांवर वावरं असलेलं एकच घर. हे मला आवडलं. नायक मिळाला, त्याची बायको मिळाली, त्याची मुलगी मिळाली. आता फक्त नागपूरचं राज्य वाचवायचं होतं.

तिथे कायदा आडवा आला.

रघुजीराजे वारले ११ डिसेंबर १८५३ ला. पंचेचाळिशीच्या आसपासचं वय, पोटी मुलगा नाही. राण्यांनी नात्यातल्या यशवंतराव अहिरराव या मुलाला पुढे केलं. राजांचे अंत्यविधी त्याच्याकडून झाले, तो आमचा दत्तक, असं त्यांचं म्हणणं. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल हा स्वतः इंग्रज, पण त्याचाही कल राज्य ठेवावं याकडे होता. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ ला टिपण लिहिलं. मी दिवस मोजले, अठ्ठेचाळीस होतात. त्या टिपणात तो म्हणतो की राजाने हयातीत दत्तक घेतला नाही, राणीनेही घेतलेला नाही, सबब वारस नाही. त्याच टिपणात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हती: कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा आहे आणि चांगला कापूस या भागात पिकतो, हे तो तिथे मांडतो. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या भावावरून माणसं आजही काय काय सोसतात ते इथे बसलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. मला मात्र ते वाचून, का कोण जाणे, घरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

तर माझा पहिला विचार: राजाने मरण्यापूर्वी दत्तक घेतला असता तर? कायद्याची पळवाट बंद झाली असती, राज्य वाचलं असतं. चाळीस पानं लिहिली. मग झाशी आठवली. झाशीच्या गंगाधररावांनी अगदी तेच केलं होतं. मरणाच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ ला, रीतसर दत्तकविधान केलं. दामोदरराव दत्तक झाला, २१ ला राजा गेला आणि पुढल्या वर्षी झाशी खालसा झालीच. साताऱ्यातही १८४८ साली शहाजीराजांनी दत्तक घेतलेला होता. म्हणजे दत्तक घेतला नाही म्हणून नागपूर गेलं, हे म्हणणं टिकत नाही. घेणाऱ्यांचीही राज्यं गेली. डलहौसीची मखलाशी अशी की दत्तक मुलगा बापाच्या खासगी मिळकतीचा वारस होईल, आमची हरकत नाही. पण राज्य ही मिळकत नव्हे, तिथे सार्वभौम सत्तेची मंजुरी लागते. चाळीस पानं फाडली.

या मखलाशीचा पुरावाही इतिहासाने देऊन ठेवला आहे. त्याच यशवंतरावाला, दत्तक नाव जानोजी, १८५७ नंतर इंग्रजांनी दत्तक म्हणून मान्य केलं, राजाबहादूर ही पदवी दिली, सातारा भागातल्या देऊरची जहागीर दिली. मुलगा तोच, दत्तकविधान तेच, धर्मशास्त्र तेच. राज्य मात्र गेलं ते गेलंच. आणि १८६२ पर्यंत कॅनिंगने उरलेल्या संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. म्हणजे रघुजीराजे आणखी सहा-सात वर्षं जगले असते, तर वारसाचा काहीही बदल न करता राज्य राहिलं असतं. माझ्या कादंबरीत आता ते १८६० पर्यंत जगतात. सर, जर-तर आता इतकाच आहे: एका माणसाची तब्येत.

थोडं बाकाबाईंबद्दल बोलायला हवं, कारण त्यांच्यावरचं प्रकरण मला अजून लिहिता आलेलं नाही. दुसऱ्या रघुजींची ही विधवा. राज्य गेलं तेव्हा खूप म्हातारी होती. तबेल्यातली हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. जवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा राणीने वाडा पेटवून देण्याची धमकी दिल्याचं इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. आणि पुढे १८५७ ला हीच बाकाबाई नागपुरात उठाव होऊ नये म्हणून इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. दत्तकाची मान्यता त्यातूनच आली. हिला शूर म्हणावं की व्यवहारी म्हणावं हे मला ठरवता येत नाही. राजाची आई नाही, राजाची बायको नाही, स्वतःच्या नावावर काही नाही, आणि तरी घराण्याचा एकमेव शहाणा कारभार तिच्या हातून झाला. असो, ते प्रकरण लिहून झालं की कळवीन.

आता खरा मुद्दा. राज्याचं ठरलं, पण माझ्या नदीकाठच्या घराचं काय? साध्या माणसाच्या घरात वारसा कसा चालायचा हे मला नेमकं हवं होतं. वकील झालेल्या आपल्या वर्गमित्राने मुल्लांचं ‘हिंदू लॉ’ दिलं, दोन अटींवर: पान दुमडायचं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही की दिलं. दुसरी अट आत्ता मोडली.

त्या पुस्तकाने मला जी मजा दिली ती अनेक कादंबऱ्यांनी दिलेली नाही. वसिष्ठाचं एक सूत्र आहे, आशय असा की नवऱ्याच्या आज्ञेशिवाय स्त्रीने मुलगा दत्तक देऊ नये की घेऊ नये. आता या एका वाक्याचे देशात चार अर्थ झाले. मिथिलेत म्हणाले, नवरा मेला, आज्ञा संपली, विधवेला दत्तक घेताच येणार नाही. बंगालात म्हणाले, जिवंतपणी आज्ञा देऊन ठेवली असेल तर चालेल. मद्रासेत म्हणाले, नवऱ्याची नसेल तर सपिंडांची, म्हणजे भाऊबंदांची, संमती चालेल. आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात, म्हणाले की नवऱ्याने नको म्हणून ठेवलेलं नसेल तर आज्ञा आहे असंच धरायचं. एक वाक्य, चार प्रांत, आणि त्यावर हजारो घरांची वाटणी. वऱ्हाडही या आपल्या, मुंबईच्या म्हणतात त्या शाखेतच मोडतो. तेव्हा नागपूरची राणी मिथिलेत असती तर तिला तोंड उघडायलाही जागा नव्हती. इथे तिचा दावा शास्त्राने खणखणीत होता.

आणि यातली सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे दत्तक मागे जातो.

समजा दोन भाऊ एकत्र आहेत. थोरला निपुत्रिक वारला. त्याचा वाटा धाकट्याकडे गेला, कारण एकत्र कुटुंबात मागे राहणाऱ्या पुरुषाला मिळायचं. वहिनीला काय? अन्नवस्त्र. ती चुलीपाशी. वीस वर्षं गेली. धाकट्याने विहीर खणली, मुलांची लग्नं केली, वावर आपलंच समजला. आणि मग एक दिवस वहिनीने भाच्या-पुतण्यातला एखादा पोरगा मांडीवर घेतला. झालं. कायदा म्हणायचा, हा मुलगा आज आलेला नाही. हा थोरल्याच्या मरणाच्या दिवसापासूनच या घरात होता असं धरा. म्हणजे त्या दिवशी थोरल्याचा वाटा धाकट्याकडे गेलाच नव्हता. वीस वर्षांचा इतिहास उलटा फिरवा आणि अर्धं वावर त्या पोराला द्या.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. मी निवृत्तीनंतर वह्या भरून जे करत होतो ते हिंदू कायदा शेकडो वर्षं कचेरीत बसून करत होता. ‘असता तर’ म्हणायचं आणि सातबारा बदलायचा! मुंबई इलाख्यातल्या एका पाटील घराण्याचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मुलगा १९१७ ला अविवाहित वारला, मिळकत भाऊबंदाकडे गेली, आईने १९३० ला दत्तक घेतला, आणि १९४३ साली लंडनहून निकाल आला की मिळकत दत्तकाची. भाऊबंदाची तेरा वर्षं झालीच नाहीत असं समजायचं. सर, या जर-तरला पूर्ण गुण मिळाले.

मग मला कळलं की जुन्या घरांतल्या गोष्टींमध्ये विधवा वहिनीवर एवढा पहारा का असायचा. तिला माहेरी का जाऊ देत नसत, तिच्या भावाला ओसरीवरूनच का परत लावत. १९३२ पर्यंत तर मुंबईच्या हायकोर्टाचं म्हणणं होतं की एकत्र कुटुंबातल्या विधवेला, नवऱ्याने स्पष्ट आज्ञा देऊन ठेवली नसेल तर, दत्तकासाठी घरातल्या पुरुषांची संमती लागते. म्हणजे ज्याचं वावर जाणार त्यालाच विचारायचं, देऊ का. प्रिव्ही कौन्सिलने त्या वर्षी ते काढून टाकलं. त्या बाईला स्वतःला काही मिळत नव्हतं. पण वारस उभा करण्याची ताकद तिच्यापाशी होती. एवढीच होती, आणि घरभर तिची धास्ती होती.

पुढचा भाग भराभर सांगतो, जेवणाचा वास येऊ लागला आहे. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या विधेयकातून विधवेला पहिल्यांदा नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, पण हयातीपुरता. मुलींना त्यात काही नाही. शिवाय १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं की प्रांतांमधल्या शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांच्या कामाचं जे होतं तेच वगळलं. मग प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. वऱ्हाडाचा आणखी निराळा घोळ, कारण तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता, त्याला केंद्राचे कायदे वेगळे लावावे लागत. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ ला मंत्रिपद सोडलं. १९५६ च्या जूनमध्ये वारसा कायदा आला, विधवेला आणि मुलीला पूर्ण मालकी मिळाली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दत्तक कायद्याने ‘मागे जाणारा दत्तक’ बंद केला. दत्तक घ्या, पण ज्याला आधीच मिळालं आहे त्याचं काढता येणार नाही.

इथे आपल्या वर्गातल्या, झरीकडच्या एका मित्राने मला मध्येच थांबवलं होतं. तो कोलाम पोडावरचा. म्हणाला, “आमचं काय लिहिलं त्यात?” मी पाहिलं. १९५६ च्या कायद्याच्या कलम दोनमध्येच लिहिलं आहे की हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांचा वारसा त्यांच्या रूढीने. म्हणजे आपल्या एका वर्गात दोन कायदे एका बाकावर बसत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी कादंबरीत एक कोलाम कुटुंब आणलं होतं, ते सध्या बाजूला ठेवलं आहे. त्यांची रूढी मला नीट माहीत झाल्याशिवाय लिहिणार नाही.

कादंबरीतलं नागपूर वाचल्याने माझं एक मोठं नुकसान झालं, तेही सांगतो. माझा नायक पलीकडच्या काठावर मालगुजार होता, मोठा वाडा, दिंडी दरवाजा, सगळं रंगवलं होतं. मग लक्षात आलं की मालगुजाराला गावाची मालकी इंग्रजांनी दिली, १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात. भोसल्यांच्या राज्यात पाटील वसुली करायचा, गावाचा मालक नसायचा. राज्य राहिलं तर मालगुजार नाही. मालकी नाही तर तिचा वारसाही नाही. राज्य वाचवलं आणि वाडा गेला. अलीकडच्या काठावर, वऱ्हाडात, मुंबईसारखी रयतवारी होती, सर्व्हे नंबर शेतकऱ्याच्या नावाने, त्यामुळे तिथलं वावर शाबूत राहिलं. शेवटी नायकाला दोन्ही काठांवर साधा कास्तकार केला. लिहायलाही तो बरा.

त्याच्या मुलीला जमीन द्यायची असं मी ठरवलं होतं. त्यासाठी आधार शोधला आणि मिळाला. म्हैसूर संस्थानाने १९३३ सालीच कायदा करून विधवा, आई आणि अविवाहित मुली यांना वाटणीत हिस्सा दिला होता, इंग्रजी मुलखाच्या आधी. मग माझं वाचलेलं नागपूर संस्थान १९३४ ला म्हैसूरचं पाहून तसाच कायदा का करणार नाही? केला. कादंबरीतल्या मुलीला पाटाळ्याच्या पलीकडे अकरा एकर मिळाले. ते प्रकरण मला इतकं आवडलं की मी ते ताईला वाचायला दिलं.

माझी ताई आपल्याच शाळेतली, आपल्यापुढे दोन वर्षं. आज ती इथे मागच्या रांगेत आहे. पुढचं तिला विचारून सांगतो आहे.

तिने ते एका बैठकीत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “मस्त लिहिलं. पोरीले नदीपलीकडचं वावर भेटलं. अन् आमच्याकडून नदीअलीकडचं लिहून घेतलं तुम्ही.”

आमचे बाबा २००८ साली गेले. दोघी बहिणींची लग्नं ऐंशीच्या दशकात झालेली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. पण ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. म्हणजे बाबा गेले त्या दिवशी कायद्याने आम्ही तिघं सारखे होतो. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी बँकेत वारसांचेच दावे पाहायचो. दुसऱ्यांच्या घरात एखाद्या बहिणीची सही राहिली असेल तर मी फाइल परत पाठवायचो.

हक्कसोड पत्राचा मसुदा मीच तपासला. दोघी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आल्या, अंगठे दिले, सह्या केल्या, फोटो निघाला. कुणी विचारलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी रडलं नाही. घरी पुरणाची पोळी झाली, साड्या दिल्या. धाकटी जाताना आईच्या फोटोपाशी जरा जास्त वेळ उभी राहिली, एवढंच मला आठवतं. मी समजलो, आईची आठवण आली असेल.

ताईला मी म्हटलं, “तेव्हा तू काही बोलली नाहीस.”

ती म्हणाली, “बोलली असती तर माहेर राहिलं असतं काय?” मग जरा थांबून म्हणाली, “मी काही मागून नाही राहिली. तू लिहून राहिला म्हणून विचारलं.”

त्यानंतर तीन आठवडे वही उघडली नाही. आमच्या वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, नोंदणी झालेलं हक्कसोड असं पुसता येत नाही, पण तुझ्या वाट्यातून तू बक्षीसपत्र करून देऊ शकतोस. मसुदा त्याने करून दिला आहे, कपाटात आहे. मुलगा म्हणतो, बघू. सूनबाई काही म्हणत नाही, पण परवा तिने मला विचारलं, “बाबा, माझ्या माहेरच्या कागदावर मी मागच्या वर्षी सही केली, तो कागद तुम्ही पाहिला होता ना?” पाहिला होता. मसुदा चांगला होता म्हणून शाबासकीही दिली होती. धाकटीशी अजून बोललेलो नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला जातो आहे तेव्हा बोलेन.

हे सगळं इथे सांगावं की नाही असा प्रश्न होता. पण समोर पाहिलं तर आपल्या वर्गातले निम्मे तरी जण तलाठ्याकडच्या वारसनोंदीत अडकलेले आहेत, आणि आपल्या मैत्रिणींपैकी कितीजणींनी सह्या केल्या असतील ते त्यांना ठाऊक. आपल्या जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत कर्त्या माणसाच्या मागे राहिलेल्या बायकांना ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे शब्द ऐकावे लागले. ते ठरायचं अनेकदा सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे त्यावर. तेव्हा हा विषय कादंबरीवाल्यांपुरता नाही, म्हणून बोललो.

आता एक विनंती, आणि मग जेवायला जाऊ. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनं दत्तकपत्र असेल, वाटणीपत्र असेल, आजीच्या नावाचा अन्नवस्त्राचा करार असेल, तर मला पाहायला द्या. मूळ कागद नको, मोबाइलवर फोटो काढून पाठवला तरी चालेल. मोडी असेल तरी हरकत नाही, शिकतो आहे, सावकाश लागतं. नावं बदलूनच वापरीन. आणि कृपा करून कुणीही त्या कागदांना प्लॅस्टिकमध्ये बंद करून लॅमिनेट करू नका. दारव्ह्याच्या एका मित्राने आजोबांचं दत्तकपत्र असंच जपलं, आता मागची बाजू वाचता येत नाही, आणि साक्षीदारांची नावं मागच्याच बाजूला होती.